बंद करायचा नाही असा कॉम्प्युटर

जुनं ते सोनं म्हणणाऱ्या माणसाने आमच्या प्रेसमधल्या कॉम्प्युटरवर एक उन्हाळा काढून दाखवावा. मी अकरा काढले. जालन्यात मस्तगडला, एका स्टेशनरीच्या दुकानामागे दोन खोल्यांची ती प्रेस होती. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका अशी कामं चालत. कॉम्प्युटर मालकांनी औरंगाबादहून जुनाच आणला होता. तो आला तेव्हाच लोक म्हणाले होते की याचे दिवस भरलेत. पुढे म्हणणारे थकले, पण तो चालतच राहिला.

त्याच्या पोटात एक मराठीचं कार्ड बसवलेलं होतं. त्या कार्डाशिवाय मराठी अक्षर उमटत नसे आणि नव्या कॉम्प्युटरमध्ये ते कार्ड बसायला जागाच नसायची. फाईल दुसरीकडे नेऊन उघडली तर नुसती वेडीवाकडी चिन्हं दिसायची. म्हणून पुढे प्रेसमध्ये दोन नवे कॉम्प्युटर आले तरी जुनी कामं जुन्यावरच राहिली आणि जुन्यासमोर मी राहिले. त्याचं झाकण काढून ठेवलेलं असे, शेजारी टेबलफॅन, आणि लाईट गेली तर म्हणून युपीएसला जीपची बॅटरी जोडलेली. मेकॅनिकने बजावलं होतं की हा एकदा बंद झाला तर पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नाही. तेव्हापासून त्याच्यावर मालकांच्या हातची चिठ्ठी होती, ‘बंद करू नये.’ मी आजारी पडले तर सुट्टी मिळे, त्याला तीही नव्हती.

त्या कॉम्प्युटरमध्ये गुरुजींच्या ओव्या होत्या. गुरुजी केदारखेड्याकडचे, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. नोकरीत ज्या ज्या गावी बदली झाली, त्या त्या गावच्या बायकांकडून त्यांनी जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. अशा नऊ वह्या. त्यांचं पुस्तक व्हावं एवढीच त्यांची इच्छा. मालकांनी शब्द दिला होता, पण काम रिकाम्या वेळात करायचं, आणि प्रेसला रिकामा वेळ असतो कुठे? लग्नसराई आली की ओव्या मागे. परीक्षा आल्या की ओव्या मागे. गुरुजी दर गुरुवारी एसटीने यायचे, धोतराने घाम पुसत माझ्या शेजारी स्टुलावर बसायचे. प्रिंटरची रिबन वाया जायला नको म्हणून आम्ही प्रूफ कागदावर काढत नव्हतो. ते पडद्यावरच वाचायचे, बोट ठेवून चूक दाखवायचे, मी दुरुस्त करायची. असं करत करत नऊ वह्या संपायला सहा वर्षं लागली.

शेवटची वही संपली त्या दिवशी गुरुजींनी वह्यांचं गाठोडं मांडीवर घेतलं आणि विचारलं, “माय, आता ह्या वह्यांचं काय करू?”

मी फार दमले होते. सकाळपासून एका शाळेच्या प्रश्नपत्रिकेने जीव खाल्ला होता. मी वर न बघता म्हणाले, “राहू द्या आता त्यांचं, गुरुजी. कॉम्प्युटरात गेलं ते गेलं. आता कुठं जात नाही ते.”

त्यानंतर पुस्तकाचं आज-उद्या करत वर्ष गेलं. मग एका मार्चमध्ये कॉम्प्युटर अडखळायला लागला. आठ-दहा पानं झाली की पडदा गोठायचा. फ्लॉपीचा खण तर कधीच गेला होता, त्यामुळे फाईल बाहेर काढायची सोय नव्हती. मी मालकांना म्हटलं, आता गुरुजींच्या वह्या मागवून घेते आणि नव्या मशीनवर पुन्हा टाईप करते. नकोच ही कटकट. मालक एकदम हो म्हणाले. सहा वर्षांची मेहनत पुन्हा करायच्या विचारानेच पाठ दुखायला लागली, पण सुटकाही वाटली.

गुरुवारी गुरुजी आले. मी वह्या मागितल्या.

“वह्या?” ते म्हणाले. “वह्या तर म्या पूर्णामाईत सोडल्या.”

मला आधी काही कळेचना. त्यांनी शांतपणे सांगितलं. लिहिलेला कागद रद्दीत द्यायचा नसतो, पायदळी येतो, त्यात पुड्या बांधतात. जीर्ण पोथी जशी वाहत्या पाण्यात सोडतात तशा त्यांनी वह्या सोडल्या होत्या. “नदीला पाणी न्हवतं ना, म्हणून पावसाळ्यापस्तोर थांबलो. पुलावरून फेकल्या न्हाईत हां. खाली उतरलो, कपडा बांधला, मंग सोडल्या. तूच म्हन्ली व्हतीस ना, आता कुठं जात न्हाई म्हणून.”

आता गुरुजींचं सगळं त्या धापा टाकणाऱ्या डब्यात होतं आणि त्याला मी कारण होते.

त्याच दिवसापासून मी छपाई सुरू केली. पहिल्या वहीपासून, क्रमाने. दहा पानं काढायची, थांबायचं, पंखा जवळ ओढायचा, निवला की पुढची दहा. बाहेर नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी, आत प्रिंटरची करकर. मालकांच्या पत्रिका अडल्या की ते दारात येऊन उभे राहायचे आणि परत जायचे. दुसरी, तिसरी, पाचवी. डोळे चुरचुरायचे. घरी जाऊन भाकरी थापतानाही कानात करकर चालूच असे. सातवी वही पूर्ण निघाली तेव्हा मी देवाला नाही, त्या कॉम्प्युटरलाच हात जोडले.

आठवीची चोवीस पानं निघाली आणि आतून टक टक असा आवाज आला. पडदा काळा झाला. मेकॅनिक आला, दोन दिवस बसला, आतली हार्ड डिस्क कानाला लावून हलवून पाहिली. “बाई, यह तो खलास है,” म्हणाला. मालकांनी औरंगाबादलाही पाठवून पाहिलं. तिथूनही तेच उत्तर आलं.

गुरुवारी गुरुजी आले तेव्हा मी छापलेल्या पानांचा गठ्ठा नीट बांधून ठेवला होता. सात वह्या पूर्ण, आठवी अर्धी. मी सगळं सांगितलं. त्यांनी गठ्ठ्यावर हात फिरवला, पानं चाळली, शेवटचं पान पाहिलं.

“नववी न्हाई ना मंग?”

“नाही गुरुजी.”

“बराय,” ते म्हणाले. गठ्ठ्याची गाठ पुन्हा बांधली. मग म्हणाले, “नववी माझ्या आईची व्हती.”

मला त्यांचा भयंकर राग आला. इतक्या वर्षांत एकदा तरी सांगायचं! सांगितलं असतं तर मी तीच आधी छापली असती. तसं मी बोललेही, मोठ्याने बोलले. ते ओशाळले. “कसं सांगू माय? आधी गावाच्या बायांच्या, मंग घरची. पंगतीला घरचे मागूनच बसतात ना.”

मी पाणी आणून दिलं. ते प्यायले नाहीत, पेला हातात धरून बसले. “लहानपणी पाठ व्हत्या मला,” ते म्हणाले. “लिहून ठेवल्या अन् निश्चिंत झालो. आता एक बी याद न्हाई.” मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, “तू तर समद्या लिहिल्यास. तुला एखादी आठवती का? अर्धी बी चालंल.”

मी आठवायला लागले. नवव्या वहीचे गुरुवार आठवले. गुरुजी तेव्हा फार हळू वाचायचे, मधेच थांबायचे, आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची, कारण पत्रिका खोळंबलेल्या असायच्या. टाईप करणाऱ्या माणसाला अक्षरं दिसतात, वेलांट्या दिसतात, चुका दिसतात. मी ती वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत लिहिली होती आणि एकदाही वाचली नव्हती.

गुरुजी वाट बघत होते. मी नाही म्हणून मान हलवली.