हरणाला कोण विचारणार?

शिकारीच्या बाणांची पाती मी अमेरिकेहून मोज्यांत गुंडाळून आणली होती, बॅगेच्या अगदी तळाशी. वर आईसाठी बदाम होते. पण आमच्या आईला बॅग खालून उपसायची सवय, त्यामुळे बदामांच्या आधी पातीच बाहेर आली. "दाढी कराया आनलं का रे हे?" असं म्हणून तिने ती आबांपुढे, म्हणजे माझ्या वडिलांपुढे, ठेवली. पाती दाखवायलाच आणली होती, पण निदान चहा तरी होऊ द्यायचा.

तिकडे ऑफिसातला माझा एक मित्र दर पानगळीत धनुष्य घेऊन हरणाच्या शिकारीला जातो. तिथे त्याचा हंगाम ठरलेला असतो, परवाना मिळतो आणि मारलेलं हरीण घरचे लोक हिवाळाभर खातात. त्याच्या नादाने मी नेमबाजी शिकलो, परीक्षा देऊन परवानाही काढला. आता फक्त आबांचा होकार राहिला होता. चाळिशीतल्या माणसाला वडिलांना कशाला विचारावं लागतं, असं मित्र म्हणाला. त्याला काय सांगणार? आमच्या घरात जनावरावर सुरी धरायचा हक्क एकाच माणसाला आहे आणि तो माणूस त्या बाबतीत महाकडक आहे. आबा नाही म्हणाले असते, तर मी धनुष्य विकून टाकणार होतो.

आमचं घराणं मूळचं मेंढरं राखणाऱ्यांचं. मेंढरं गेली, जालना जिल्ह्यात वाटूरजवळ शेती आली, पण जत्रेतला मानाचा बोकड कापायचं काम आबांकडेच राहिलं. बोकडाच्या पाठीवर पाणी शिंपडतात आणि सगळे थांबतात. त्याने अंग झाडलं की तो हो म्हणाला, देवाने त्याला घेतलं. नाही झाडलं तर बसा वाट बघत. उन्हं डोक्यावर येतात, पोरं भुकेने रडकुंडीला येतात, पण आबा सुरी उचलत नाहीत. काही लोक हळूच बोकडाच्या कानात पाणी ओततात. मग काय, कोणतंही जनावर अंग झाडणारच. आबा याला चोरी म्हणतात. एकदा कोणीतरी त्यांच्यादेखत तांब्या कानाकडे नेला, तर आबा सुरी घेऊन सरळ घरी निघून आले होते.

चहा झाल्यावर ओट्यावर पात्यांची तपासणी सुरू झाली. दोन प्रकार होते, दोन्हींत बाणाच्या टोकाला तीन-तीन पाती. एकाची तिन्ही पाती पक्की, न हलणारी. दुसऱ्याची मिटलेली, बाण लागला की छत्रीसारखी उघडतात आणि जखम रुंद होते. मित्राने दुसरा प्रकार सुचवला होता आणि खरं सांगायचं तर माझाही जीव त्याच्यावरच जडला होता.

"आन न्हाई उघडलं तर?" आबांनी विचारलं.

"बहुतेक उघडतं, आबा."

"बहुतेक? जनावराला बहुतेक मारून राह्यला का तू?"

मला राग आला, कारण ते खरं होतं. माझं धनुष्य हलकं आहे. त्याचा थोडासा जोर पाती उघडण्यातच खर्ची पडतो, हे मी वाचलेलंही होतं. पण चकचकीत वस्तू दिसली की वाचलेलं विसरायला होतं. मिटणारी पाती परत मोज्यात गेली.

मग आबांनी पक्कं पातं मनगटावरच्या केसांवरून फिरवलं. एक केस कापला जाईल तर शपथ. नवंकोरं, पाकिटातून काढलेलं. आबांनी सुरीचा दगड काढला, त्यावर पाणी टाकलं आणि दुपारभर धार लावली. तीन पात्यांपैकी दोन एकदम दगडावर सपाट बसतात हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं आणि ते चांगलेच खूश झाले. "बोथट असलं की फाडतं," ते म्हणाले. "धार असली की जनावराला कळायच्या आत काम होतं."

इथवर आमचं जमलं. बिनसलं ते नेमावरून. आमच्याकडे रानडुकरावरही बाण चालवायला कायद्याने मनाई, म्हणून घरामागे चिंध्या भरलेलं पोतं उभं केलं. आबांनी त्यावर कोळशाने जनावर काढलं आणि मानेवर फुली मारली.

"मान नाही, आबा. पुढच्या पायाच्या मागे मारायचं. तिथे फुप्फुसं असतात."

"पायापाशी मारून काय लंगडं करतो का त्याला? म्या सगळी जिंदगी मान कापून राह्यलो, आन तू मला शिकवतो?"

मान बारीक असते, सारखी हलते, आत हाड असतं आणि बाण म्हणजे काही हातातली सुरी नव्हे, हे मी परोपरीने सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी आई म्हणाली, "आधी जेवा, मंग भांडा." आम्ही जेवलो आणि मग भांडलो.

दुसऱ्या दिवशी जत्रा. बोकडाने बराच वेळ सगळ्यांना ताटकळत ठेवलं, मग नाकापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं. आबांनी एका घावात काम संपवलं. सोलून झाल्यावर त्यांनी मला हाक मारली. पुढच्या पायामागे बरगड्यांवर त्यांनी एका बाजूने तळहात ठेवला, दुसऱ्या बाजूने दुसरा. आत दोन्ही फुप्फुसं होती.

"हितं म्हंतो का तू?"

"हो."

"लई मोठी जागा हे. आरपार गेलं तर जल्दी संपल." मग हात पुसत म्हणाले, "बराबर हे तुहं."

आबांच्या तोंडून ‘बराबर’ ऐकायला माणसाचा जन्म जातो. मी हवेत होतो. पण त्यांनी लगेच जमिनीवर आणलं.

"ह्यानं अंग झाडलं. तुह्या हरणाला कोन इचारनार? पानी शिंपडाया जाशील का त्याच्यापाशी?"

आता होकार कसला मिळतोय! संपलं, असं मला वाटलं आणि फार वाईट वाटलं.

परत निघालो त्या दिवशी आबा वाटूर फाट्यापर्यंत सोडायला आले. जालन्याची एसटी समोर दिसायला लागली, तेव्हा त्यांनी कोपरीच्या खिशातून फडक्यात बांधलेली पाती काढून माझ्या हातात दिली. सगळ्यांना धार लावलेली.

"ती जागा जनावर आडवं उभं राह्यल्यावरच घावती ना?"

"हो. आडवं असलं तरच."

"मंग झालं की. आडवं उभं राह्यलं तर हो म्हनलं. तोंड न्हाईतर पाठ केली तर न्हाई म्हनलं. वाट पाह्याची." एसटी थांबली. मी चढलो, तर खिडकीखाली येऊन म्हणाले, "आन कानात पानी घालायचं न्हाई."

पानगळीत पहिल्याच सकाळी हरीण आलं. मोठं, शिंगांचं, अगदी माझ्या टप्प्यात. पण तोंड थेट माझ्याकडे. मी धनुष्य ताणून उभा, दंड भरून आलेले. अशा वेळी तोंडाने हलकासा आवाज करायचा, जनावर दचकून वळतं, हे मित्राने मला शिकवलं होतं. मी ओठ आवळलेही. मग तो तांब्या आठवला. धनुष्य खाली घेतलं. हरीण आणखी थोडा वेळ बघत राहिलं आणि सावकाश झाडीत निघून गेलं.

गाडीत येऊन घरी फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती, आबा गोठ्यात होते.

"आल्तं का?"

"आलं होतं. समोर तोंड करून उभं राहिलं. नाही म्हणालं."

मागून आई काय झालं म्हणून विचारत होती. "न्हाई म्हनलं म्हंतो," आबांनी तिला सांगितलं, जसा काही शेजारचा कोणी निरोप देऊन गेला. मग मला म्हणाले, "बरं. आता काही खाऊन घे. उद्या परत इचार."