जावईबापूंच्या फळ्या

माझ्या नणंदेच्या नवऱ्याला मी एकदा सिमल्याच्या बर्फात डोक्यावर उभं केलं. त्याला ढकललं नाही, हातही लावला नाही. मी वीस हात लांब, अंगावर दोन घोंगड्या घेऊन कुडकुडत होते. तरी ते काम माझंच.

दुसऱ्या लढाईच्या आधीची गोष्ट. आम्ही जळगावला राहायचो. आमचे हे कापसाच्या जिनात कारकून. घरात सासरे (त्यांना सगळे आबा म्हणत), सासूबाई, आम्ही दोघं आणि माझी नणंद गोदी. गोदीचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, आणि ती माहेरीच होती! नवरा त्र्यंबकराव दिल्लीला सरकारी ओव्हरसियर. माणूस चांगला, पण दर खेपेला एकच सांगायचा, "घर मिळालं की नेतो." दोन वर्षं झाली, घर काही मिळेना. गल्लीतल्या बायका विहिरीवर गोदीला बघून आवाज खाली करायच्या. आवाज खाली केला की सगळं जास्तच नीट ऐकू येतं.

त्या दिवाळीला त्र्यंबकराव मुंबईचं सरकारी काम आटपून आमच्याकडे आले ते दोन लांब फळ्या घेऊन. विलायतेला परत चाललेल्या कुण्या साहेबाकडून घेतल्या म्हणे. पुरुषाच्या उंचीपेक्षा हातभर जास्त, गोणपाटात गुंडाळलेल्या. त्या पायाला बांधायच्या, दोन्ही हातांत काठ्या धरायच्या आणि बर्फावरून घसरायचं! सिमल्याला हिवाळ्यात साहेबलोक जातात, त्यांच्यात त्र्यंबकरावही जाणार.

आबांनी विचारलं, "मुद्दाम घसरायचं?"

"हो आबा."

"पैसे देऊन?"

त्र्यंबकराव गोणपाटाची सुतळी आवळायला लागले. आबांनी पुढं विचारलं नाही. जावयाला किती विचारणार!

जाताना गाडीला इतकी गर्दी, की फळ्या आत जाईनात. त्र्यंबकरावांनी काठ्या तेवढ्या नेल्या आणि फळ्या आमच्याकडे ठेवल्या. बायको आधीपासून ठेवलेलीच होती. समोरची काशी म्हणाली, "चला, फळ्या न्यायला तरी येतील!" गोदी आत जाऊन रडली. मी काशीशी आठ दिवस बोलले नाही. (नवव्या दिवशी तिच्याकडून विरजण हवं होतं.)

पौष संपता संपता पत्र आलं. आबांनी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. "चार दिवसांची रजा मिळाली आहे. गोदावरीला घेऊन यावे. शनिवार-रविवार सिमल्याला बर्फ पाहू." गोदीबद्दल एवढंच! पुढं पानभर फळ्या. फळ्या कोरड्या जागी ठेवाव्यात, फळ्यांवर कुणी बसू नये, फळ्या आडव्या आणाव्यात, फळ्यांना धक्का लागू देऊ नये.

सासूबाई म्हणाल्या, "आनि पोरनं काय? तिले धक्का लागना तं चाली का?"

आबांनी पत्र दोन्ही बाजूंनी पाहिलं. गोदीला ठेवून घेणार की बर्फ दाखवून परत धाडणार, ते कुठंच नव्हतं.

तेव्हा मी मनात ठरवलं. जावयाला आपल्याकडून बोट दाखवायला जागा ठेवायची नाही. सगळं चोख पाहिजे. आणि तिथूनच घोटाळा सुरू झाला.

पहिलं म्हणजे, गोदीबरोबर शेवया द्यायच्या. हाताने वळलेल्या, केसासारख्या. त्याला लांब गुळगुळीत पाट लागतो. एक टोक खाटेवर टेकवायचं, दुसरं खाली परातीत, आणि वरून कणीक चोळत तार खाली सोडायची. आमचा पाट तडकलेला. मी माळ्यावर ठेवलेल्या फळ्यांकडे पाहिलं.

तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. पण तुम्ही ती फळी पाहिली नव्हती! मी गोणपाट निम्म्यापर्यंतच सोडलं. पाय बांधायच्या पट्ट्यांची बाजू खाली घातली. वरची बाजू आरशासारखी, मधोमध लांबच लांब खाच. शेवई अशी सरसर खाली उतरली, की गोदी रडायची थांबून बघत राहिली. दोन दिवसांत दोन डबे भरले. एवढ्या बारीक शेवया मी पुढं जन्मात वळल्या नाहीत.

मग फळ्या धुतल्या. त्यांना काहीतरी तेलकट मेणासारखं लागलेलं होतं. ते सोडा घालून, कढत पाणी ओतून, नारळाच्या शेंडीने खरवडून काढलं. स्वच्छ! वाळवायला अंगणात ठेवल्या आणि म्हणून पहिल्यांदाच पुढचं गोणपाट काढलं.

फळ्यांची पुढची टोकं वर वळली होती.

कढत पाणी आणि ऊन! लाकूड वाकलं! जावयाची विलायती फळी मी वाकवली! बरं, एकच नाही. दोन्ही. आणि दोन्ही अगदी सारख्या, वीतभर वर, मापून काढल्यासारख्या. शहाण्या बाईला तिथंच कळायला हवं होतं. मी चौथी पास.

कुणाला सांगावं? आबांना सांगितलं तर ते जावयाला लिहिणार. ह्यांना सांगितलं तर हे आबांना सांगणार. आमच्या माहेरी पारोळ्याला बाभळीच्या फळ्या वाकल्या, की माझे वडील ओलं गोणपाट गुंडाळून वर दगड ठेवायचे. मी तेच केलं. मागच्या खोलीत, खाटेखाली. कढत पाण्याची गोणपाटं, त्यावर जात्याचे दोन्ही दगड, पाटा, वरवंटा आणि मिठाचं पोतं. पाच दिवस!

तिसऱ्या दिवशी सासूबाई दळायला बसायला निघाल्या.

"जातं कोठे गये व?"

"टाकी लावायला पाथरवटाकडे दिलंय."

"आनि पाटा?"

"त्यालाही."

"आनि मीठ?"

मीठ टाकी लावायला देता येत नाही. मी म्हटलं, "सासूबाई, गोदीचा जीव रमेना, तिच्याजवळ जरा बसता का?" आणि त्या गेल्या. बिचारी गोदी शेवया निवडत मजेत बसली होती.

पाच दिवसांनी फळ्या काढल्या. पट्टीसारख्या सरळ! वरून शेंगदाण्याचं तेल चोळलं, गोणपाटात घालून दाभणाने शिवून टाकल्या. त्या रात्री मला अशी झोप लागली, की काय सांगू.

जळगावहून भुसावळ, तिथून दिल्लीची गाडी. मी, आमचे हे आणि गोदी. भुसावळला फळ्या दारातून जाईनात, म्हणून ह्यांनी खिडकीतून घातल्या. आतल्या एका माणसाचं पागोटं उडालं. तो भांडायला उठला, आणि एकदम थांबला. त्याने त्या लांबलचक गोणपाटाकडे पाहिलं. वरची सुतळी पाहिली. मग गोदीकडे पाहिलं. घर सुटल्यापासून गोदी पदर तोंडाला लावून हुंदके देत होती. त्या माणसाने हात जोडले आणि जागा सोडून उभा राहिला. मागोमाग अख्खा बाक रिकामा झाला!

मी ह्यांना हळूच म्हटलं, "अहो, ह्या लोकांना वाटतंय आपण..."

"बसायला मिळालंय. गप्प बस."

गप्प बसले. खंडव्यापुढे एका म्हातारीला राहवेना. ती गोदीजवळ सरकली. "कितने दिन हुए, बेटी?"

गोदीला वाटलं लग्नाचं विचारते आहे. नाक पुसत म्हणाली, "दो साल."

डब्यात चिडीचूप! म्हातारी पाय वर घेऊन भिंतीला टेकली. दिल्लीपर्यंत आमच्या बाकाकडे कुणी फिरकलं नाही. हे पाय पसरून झोपले.

दिल्लीच्या फलाटावर त्र्यंबकराव उभे. लोकरीचा कोट, कानटोपी. पहिल्यांदा धावले ते फळ्यांकडे! गोणपाटावरून हात फिरवला, लांबी चाचपली. मग ह्यांना नमस्कार. मग मला, "कसं काय वहिनी?" आणि गोदीकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून एकदा. संपलं.

गोदी माझ्या कानात म्हणाली, "वहिनी, हे मला परत पाठवणार."

"काही पाठवत नाहीत. फळ्या बघू दे एकदा नीट. खूश होतील."

असं मी म्हणाले. माझ्याच तोंडाने!

शुक्रवारी संध्याकाळी तिथूनच कालक्याची गाडी धरली. सकाळी कालक्याला डोंगरावरच्या छोट्या गाडीत बसलो. बोगद्यामागून बोगदे, एकेक वळण असं, की आपलंच इंजिन खिडकीतून दिसावं. दुपारून सिमला आलं आणि मी पहिल्यांदा बर्फ पाहिला. छपरावर, झाडांवर, रस्त्यावर. आमचे हे जिनातले. ते पाच मिनिटं उभे राहून म्हणाले, "केवढा माल! आणि बघायला कुणी नाही. ह्याच्या किती गाठी निघतील?" मी खाली वाकून हात लावला आणि ओरडले. थंड असतो हे ऐकलं होतं, पण इतका!

रविवारी सकाळी गावाबाहेरच्या एका उतारावर गेलो. दहाबारा साहेब आणि मडमा वरून खाली सरसर घसरत येत होत्या. (मडमासुद्धा! विजारी घालून!) त्यांत त्र्यंबकरावांचा मोठा साहेब होता. त्याने हात हलवला. त्र्यंबकरावांनी छाती पुढं काढून हात हलवला आणि चाकूने गोणपाटाची शिवण उसवायला घेतली.

मी मडमांकडे बघत होते. एक अगदी जवळून गेली. तिच्या फळ्यांची टोकं वर वळलेली.

मला कीव आली. एवढी साहेबाची बायको, आणि फळ्या सांभाळता येत नाहीत!

दुसरी गेली. तिच्याही वळलेल्या. मग साहेब. मग तिसरी मडम. मी सगळ्यांच्या फळ्या पाहून घेतल्या. एकूण एक वर वळलेल्या, वीतभर, मापून काढल्यासारख्या.

मला खाटेखालचं जातं आठवलं.

तिकडे त्र्यंबकरावांनी फळी बाहेर काढली. पाहिली. उलटी केली. मागचं टोक पुढं केलं. मग रिकाम्या गोणपाटात हात घालून आत चाचपायला लागले.

"टोकं कुठं गेली?"

हे म्हणाले, "आहेत की. चांगल्या सरळ आहेत."

"सरळ कशा? सरळ कशा आहेत!"

मी घोंगडीत तोंड लपवलं. तेवढ्यात वरून साहेबाने काहीतरी ओरडून विचारलं. त्र्यंबकरावांचं तोंड लाल झालं. सगळ्या ऑफिसात म्हणे त्यांनी सांगून ठेवलं होतं. आता मागं कसं फिरणार? त्यांनी पट्टे आवळले, काठ्या रोवल्या आणि सुटले.

दहा हात छान गेले. मग माझ्या सरळ फळ्या सरळ बर्फात शिरल्या. त्र्यंबकराव फळ्यांवरून पुढं गेले, डोक्यावर आपटले आणि कमरेपर्यंत बर्फात रुतले. वर नुसते पाय, आणि पायांना आभाळाकडे तोंड केलेल्या दोन फळ्या!

गोदी किंचाळली. हे धावले, घसरले आणि बसल्या बसल्या त्यांच्यापर्यंत पोहोचले. साहेबलोकांनी ओढून काढलं तेव्हा त्र्यंबकरावांच्या नाकातून बर्फ पडला. हातपाय शाबूत. एक मडम फळीचा वास घेऊन बघत होती. मग तिने नखाने खाचेतून काहीतरी उपसलं आणि उन्हात धरलं.

शेवई होती.

"कोणी केलं हे?" त्र्यंबकराव म्हणाले.

हे म्हणाले, "रेल्वेवाल्यांनी केलं असणार."

मी पुढं गेले. आता लपून काय उपयोग? "मी केलं. वाकल्या होत्या, म्हणून जात्याखाली ठेवून सरळ केल्या. पाच दिवस."

त्र्यंबकरावांनी पायाचे पट्टे सोडले. मग पाठ फिरवून आम्ही उतरलो होतो त्या बंगलीकडे चालायला लागले. गोदीने माझा हात धरला. तिची बोटं माझ्यापेक्षा गार होती. "वहिनी, आता झालंच. उद्या मी तुमच्याबरोबर जळगावला."

काशीचं तोंड डोळ्यांपुढं आलं.

पण घसरायला फळ्याच उरल्या नाहीत, तेव्हा माणूस दिवसभर करणार काय? बंगलीतल्या शेगडीपुढं बसून राहिला. गोदीने शेवयांची खीर केली आणि वाटी पुढं ठेवली. आम्ही दोघं बाहेरच्या पडवीत काकडत बसलो. आतून आधी नुसता वाटी-चमच्याचा आवाज. मग त्याचं काहीतरी बोलणं. मग गोदीचं. मग गोदी हसली! नवऱ्यासमोर ती हसते हे मला माहीतच नव्हतं.

सोमवारी दिल्लीच्या स्टेशनात त्र्यंबकराव ह्यांना म्हणाले, "गोदावरीची पेटी इथं उतरवा." आमची गाडी उभीच होती. आम्ही दोघंच परत आलो.

जळगावात उतरल्यावर मी पहिली गेले ती काशीकडे. त्या दिवसापासून पुढं चाळीस वर्षं, प्रत्येक हळदीकुंकवाला मी ही गोष्ट सांगत आले. मी फळ्या सरळ केल्या, म्हणून तो घरात बसला. घरात बसला, म्हणून बायकोशी बोलला. बोलला, म्हणून संसार लागला. गोदीला चार मुलं झाली, ती माझ्यामुळे! असं मी तिच्या मुलांच्या लग्नातसुद्धा सांगितलं.

मागच्या वर्षी गोदी राहायला आली. मी शेजारच्या सुनेला हेच सांगत होते. ती गेल्यावर गोदी म्हणाली, "वहिनी, एक सांगू? रागावू नका. घर त्यांनी महिनाभर आधीच घेतलं होतं. मी गेले तेव्हा चूल मांडलेली, पाण्याचे हंडे आणलेले, खुंटीला माझ्यासाठी नवी शाल. त्यांनी मला न्यायचं ठरवूनच बोलावलं होतं."

"मग बर्फात कशाला नेलं?"

"मला घसरून दाखवायचं होतं त्यांना. दोन हिवाळे साहेबांच्या फळ्या मागून शिकत होते. पुढं त्यांची बदली नागपूरला झाली. राहूनच गेलं ते."

मी म्हटलं, "गोदे, चाळीस वर्षं बोलली नाहीस. अजून दोनचार वर्षं थांबली असतीस तर काय बिघडलं असतं? मी मेल्यावर सांगायचं!"