तीन दिवस थांबायचं दूध

मी खोटं बोललो, हे आधी सांगून टाकतो. नंतरसाठी ठेवलं तर मी इतकी कारणं देईन की खोटं त्यांच्यात दडून जाईल.

दूध गोळा करणाऱ्या एका संस्थेत मी पर्यवेक्षक आहे. ऑफिस नागपुरात रामदासपेठेत, काम पारशिवनीकडच्या गावांत. गेल्या वर्षी पावसाळा सरताना तिथल्या एका गावात आम्ही गोचिडांसाठी शिबिर घेतलं. शाळेमागच्या मैदानात गाई-म्हशी बांधल्या होत्या. मी बाटलीच्या झाकणाने औषध मोजायचो, बादलीत कालवायचो आणि पंपाने जनावरांच्या अंगावर फवारायचो. फवारल्यावर तीन दिवस दूध विकू नये, असं लेबलवर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. औषधाचा अंश दुधात उतरतो. तो किती चालेल याची मर्यादा नियमाने ठरलेली आहे. हे मला पाठ होतं. प्रशिक्षणात मीच ते शिकवतो.

साठीकडे झुकलेली एक बाई तिच्या दोन म्हशी घेऊन आली होती. पहिलीवर फवारा मारून होईतो ती दावं धरून उभी राहिली. मग म्हणाली, "साहेब, उद्या दूध घालू का केंद्रावर? कपाशीले फवारलं का आम्ही शेताच्या धुऱ्यावरचं गवतही कापत नाही आठ दिवस. हे तं तुम्ही जनावराच्या अंगावरच मारून राहिले."

त्या दिवशी एवढा नेमका प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला नव्हता.

"घाला हो," मी म्हणालो. "जनावरांचंच औषध आहे. काही होत नाही."

केंद्राच्या सचिवाने मला सकाळीच बजावलं होतं, "दूध बंद ठेवा असं कोणाले सांगू नका बरं, उद्याची गाडी अर्धीच जाईन." पण दोष त्याच्यावर ढकलता येत नाही. मलाही शिबिर यशस्वी दाखवायचं होतं. तीन दिवस म्हटलं असतं तर निम्मी जनावरं सुटून घरी गेली असती. आणि मनात आणखी एक होतं: टाकीत सगळं मिसळून जातं, कोणाला कळतंय. तीच टाकी नागपूरला येते, त्यातलंच दूध माझ्याही घरी येतं. हे तेव्हा सुचलंच नाही, असंही म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तपासणीसाठी जे नमुने घेतले, त्यात तिचा कॅन निघाला. अहवाल आला: अंश मर्यादेपेक्षा जास्त. केंद्रावर चौकशी ठेवली आणि मलाही बोलावलं. अडचण अशी की कपाशीवर मारतात त्या औषधात आणि माझ्या बाटलीत रसायन एकच होतं. दुधात कुठलं उतरलं, हे कागदावरून सांगता येत नव्हतं. काही लोक कपाशीचं उरलेलं औषध गोचिडांवर चोळतात, हे सगळ्यांना ठाऊक. संशय तिकडेच गेला.

"काकू, उरलंसुरलं घासलं असन म्हशीले. खरं सांगून टाक वं," एक जण म्हणाला.

"काहून घासू? साहेबांनीच तं फवारलं! मी विचारलं होतं, घाला म्हणे. हे काय बसले, विचारा ना त्याईले!"

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "मी सगळ्यांना तीन दिवस थांबायलाच सांगितलं होतं."

शिबिरात आलेले चार-पाच जण तिथेच बसले होते. त्यांनीही दुसऱ्या दिवशी दूध घातलं होतं. कोणी तोंड उघडलं नाही; आपलाही कॅन उघडतील ही भीती.  बाईचं दूध केंद्रावर घेणं बंद करायचं ठरलं. बाहेर पडताना मागून कोणीतरी हसत म्हणालं, "काकूच्या दुधाचा चहा पेला तं पोटातले जंतही मरतीन गा."

त्यानंतर मला बसवेना. ऑफिसात फायली उघडायच्या, मिटायच्या. घरी बायको म्हणायची, "काय होऊन राहिलं तुम्हाले? जेवताना तिसऱ्यांदा उठले." दुधाचा चहा सोडला, पुन्हा सुरू केला. दोनदा गाडी काढून पारशिवनीच्या रस्त्याला लागलो आणि कामठीच्या पुढे चहा पिऊन परत आलो. केंद्रावर फोन करून विचारलं, तर सचिव म्हणाला, बाईने एक म्हैस विकली. दुसरीचं दूध गावातही कोणी घेत नाही, ती तूप कढवते, तेही घरातच राहतं.

पुढे ऑफिसने प्रशिक्षणासाठी माहितीपत्रक करायला घेतलं. वरिष्ठ म्हणाले, "पारशिवनीकडचं ते उदाहरण टाका. लोकांना लवकर पटतं." मी लिहायला बसलो. 'एका पशुपालक महिलेने पिकावरचे औषध म्हशीस चोळले,' इतकं लिहिलं. हे छापून गावोगाव गेलं असतं. पुढचं वाक्य होईना. कागद तसाच घेऊन वरिष्ठांकडे गेलो आणि काय झालं होतं ते सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला. "आता कशाला उकरता? तिचं दूध आपण करू ना सुरू, गुपचूप."

"गुपचूप नको, साहेब," मी म्हणालो. "बंद चारचौघांत केलं होतं." मग त्यांच्याच टेबलावर बसून जबाब लिहून दिला. माझ्यावर काय कारवाई होईल ते अजून ठरायचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायच्या वेळेला केंद्रावर पोचलो. कॅनची रांग होती. बाईला निरोप धाडला. ती आली, पण पायरीखालीच थांबली.

"काहून बोलावलं? एक म्हैस राहिली, तेही विकू का?"

कोणी हसलं नाही. मी रांगेकडे तोंड करून बोलायला लागलो, मग लक्षात आलं की बोलायचं तिच्याशी आहे. पायरी उतरून खाली गेलो.

"बाई, तुम्ही मला विचारलं होतं, दूध घालू का. मी घाला म्हणालो. तीन दिवस थांबायचं असतं हे मला माहीत होतं. चौकशीत तुम्ही खरं बोलल्या आणि मी खोटं बोललो, या सगळ्यांच्या समोर. तुमच्या म्हशीच्या अंगावर मी फवारलं त्याशिवाय दुसरं काही नव्हतं. चूक माझी आहे. मला माफ करा."