काकांच्या साक्षीवर लावलेले पैसे

कंपनीच्या माणसाचा फोन सोमवारी यायचा. आवाज तरुण, मराठी पुण्याकडचं, स्वच्छ. "काकांची तब्येत कशी आहे?" हे तो आधी विचारायचा आणि मला बरं वाटायचं. या शहरात काकांची चौकशी करणारं माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. खोकला कमी आहे म्हटलं की तो म्हणायचा, "छान. साक्ष होईपर्यंत फार जपा त्यांना." मी त्याला धन्यवाद द्यायचो. मनापासून द्यायचो.

काका माझ्या रक्ताचे कोणी नव्हते. मी गडहिंग्लजकडचा. शाळा आठवीत सुटली, घरी शेत नव्हतं, ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर इंदूरला आलो आणि अन्नपूर्णा मंदिराच्या मागच्या गल्लीत सेव तळणाऱ्या काकांकडे टिकलो. कारखाना म्हणजे दोन कढया, बेसनाची पोती आणि धुरानं काळं झालेलं छत. काकांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. "पणजोबा तलवार चालवायचे, मी झारा चालवून राहिलोय," ते गिऱ्हाइकांना सांगायचे, "काळजी नको, वार दोघांचेही गरमच." त्यांनी मला वरची खोली दिली. झाऱ्यावर पीठ घासायला शिकवलं. बँकेत खातं काढायला स्वतः आले आणि माझा पत्ता विचारला तेव्हा बिनदिक्कत आपला सांगितला. त्या दिवसापासून मला इंदुरात पत्ता आहे.

काकांचा एक भागीदार होता, माळव्यातला, वयानं लहान. काका त्याला 'भिया' म्हणायचे, तो त्यांना 'दादा'. मोठा कारखाना काढायचा म्हणून दोघांनी मिळून इंदूरजवळ बेटम्याला रस्त्यालगत जागा घेतली. कागद भियाच्या नावावर झाले, कारण त्या दिवशी काकूंना इस्पितळात नेलं होतं आणि काका म्हणाले, तूच सही करून टाक. काकू गेल्या. पुढं रस्ता रुंद झाला, जागेला भाव आला, आणि अर्धी जागा दादांची आहे हे भियाला आठवेना. त्यानं तिथे एकट्याचा कारखाना उभा केला. काकांकडे पैसे दिल्याच्या नोंदी होत्या, साक्षीदार एकच होता, ते स्वतः. वकिलाला द्यायला मात्र काही नव्हतं.

अशात वकिलाच्या ओळखीनं ती कंपनी आली. ती दुसऱ्यांचे खटले लढवायला पैसा पुरवते. वकील, कोर्टाची फी, सगळा खर्च तिचा. खटला जिंकला तर मिळालेल्यातला मोठा वाटा तिचा, हरला तर तिचं गेलं. आणि ती हा पैसा लोकांकडूनच गोळा करते. कोणीही आपली बचत एखाद्या खटल्यात लावावी, निकाल लागला की वाट्यातला वाटा घ्यावा. तो तरुण कारखान्यात बसून हे सांगत होता. त्यानं फोनवर खटल्यांची यादी दाखवली, त्यात काकांचा खटलाही होता. माणसाचं नाव नव्हतं. फक्त जागा, अंदाजे रक्कम आणि जिंकण्याची शक्यता 'चांगली'.

माझ्याकडे बचत होती. गावी जाऊन आईच्या घरापुढं सेवचं दुकान टाकायचं, म्हणून साठवलेली. काही कमी पडत होतं. मी विचार केला, काकांचा खटला खरा आहे हे जगात माझ्याइतकं कोणाला माहीत? काका जिंकतील, त्यांना त्यांचं मिळेल आणि मला घरी जाता येईल. उपकार फेडणं आणि घरी जाणं, दोन्ही एकाच पैशात. मी सगळी बचत लावली.

काकांना कळल्यावर त्यांनी झारा खाली ठेवला. मग म्हणाले, "अरे यार, घोड्यावर लावतात तसे माझ्यावर लावलेस? निदान दात तरी बघायचे होतेस."

काकांना दमा होता. आयुष्यभर तेलाचा धूर छातीत घेतलेला. मी त्यांना कढईपासून लांब बसवायला लागलो. गोळ्या मी द्यायचो, जिना चढू द्यायचो नाही, थंडीत कान बांधायचो. हे मी आधीही करत होतो. पण आता ते खोकले की मी हातातलं टाकून धावायचो, आणि ते धावणं काकांसाठी आहे की दुकानासाठी, हे मला सांगता यायचं नाही. अजूनही येत नाही. एकदा ताटात तळणीची मिरची बघून मी ती उचलून घेतली. काका शांतपणे म्हणाले, "घे बाबा. तुझीच मालमत्ता आहे मी." हसत म्हणाले. मी हसलो नाही.

साक्षीची तारीख लागली त्याच्या आधी दसरा आला. संध्याकाळी दार वाजलं, उघडलं तर भिया. हातात आपट्याची पानं. तो मराठी नव्हता, पण भागीदारी होती तोवर दर दसऱ्याला काकांना सोनं द्यायला यायचा. भांडण झाल्यापासून बंद होतं. तो वाकला, काकांच्या पायांना हात लावला.

"दादा, सोना लो."

काकांनी पानं घेतली. मोठ्यांनी लहानाच्या हातचं सोनं घेतलं की मागचं मिटलं, असं त्यांचं बालपणापासूनचं गणित. त्याला बसवलं, मला चहा टाकायला सांगितलं. आतून मला ऐकू येत होतं. भिया अर्ध्याचं बोलत नव्हता, पण काहीतरी देतो म्हणत होता. "दादा, कोर्ट में हम दोनों बूढ़े हो जाएँगे." काका म्हणाले, "मी तर होऊन बसलोय, भिया. तुझं बघ."

दुसऱ्या दिवशी काकांनी कंपनीला मिटवायचंय असं कळवलं. कंपनीनं नाही म्हटलं. भिया देतो ती रक्कम फार कमी होती, आणि काकांनी सही केलेल्या करारात होतं की कंपनीला विचारल्याशिवाय तडजोड करायची नाही. केली तर तिचा सगळा खर्च परत द्यायचा. फोन ठेवून काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू काय म्हणतोस?"

मला म्हणायचं होतं, मिटवा काका. तोंडातून आलं, "तारीख जवळच आलीय."

ते मान हलवत उठले. "बरोबर आहे. तुझं गाव माझ्या साक्षीवर अडकलंय. चल, कोट शोध."

कोर्टात समोरच्या वकिलानं उलटतपासणी घेतली. जागेचं कमी, दसऱ्याचं जास्त. भिया घरी आले होते का? सोनं घेतलंत का? मग वाद कुठे उरला? काका सगळ्याला हो म्हणाले. वाद उरला का, या प्रश्नावर त्यांनी आधी मला शोधलं, मागच्या बाकावर. मग म्हणाले, "उरलाय." खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचा आवाज होता तो. मधेच त्यांना धाप लागली. राहिलेले प्रश्न पुढच्या तारखेवर गेले.

पुढची तारीख त्यांना मिळाली नाही. सकाळी मी चहा घेऊन गेलो तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते, कान बांधलेले, मीच आदल्या संध्याकाळी बांधले होते.

सोमवारी फोन आला. त्यानं नेहमीसारखंच विचारलं. मी सांगितलं. तो जरा थांबला, वाईट वाटलं म्हणाला, आणि मग विचारलं, "उलटतपासणी पूर्ण झाली होती का?" अर्ध्या साक्षीवर फारसं उभं राहत नाही, हे मला नंतर वकिलानं समजावलं. जबलपूरहून काकांची पुतणी आली. तिनं कंपनीच्या संमतीनं भियाशी थोडक्यात मिटवलं. आलेलं जवळजवळ सगळं कंपनीच्या खर्चात गेलं, माझ्या बचतीपर्यंत काही पोचलं नाही. "काही खटले जातात, काही येतात, एकूण हिशोब बसतो," तो तरुण म्हणाला. त्याच्याकडे पुष्कळ खटले होते. माझ्याकडे एक होता. तरी मी त्याला धन्यवाद दिले. सवय.

अन्नपूर्णा मंदिरामागची जागा भाड्याची होती, ती गेली. भिया स्वतः मला न्यायला आला. "दादा का हाथ तेरे पास है, बेटमा चल." मी गेलो. दुसरीकडे पत्ता कुठे होता?

आता मी खटल्यातल्या त्या जागेवरच सेव तळतो. कढया मोठ्या आहेत, धूर बाहेर ओढणारा पंखा आहे. हा पंखा काकांकडे असता तर, असं रोज वाटतं. आईचा फोन येतो. तिनं काकांच्या तब्येतीसाठी आमच्या देवळात नारळ बोलला होता.

"तुज्या काकांची केस झाली काय रं?"

"झाली."

"मग कवा येतोस?"

"आई, घाणा टाकलाय," मी म्हणतो, "करपंल."