आरशातला बोल्ट

गल्लीत सगळे त्यांना 'दातवाले' म्हणत. चाळीस वर्षं लोकांचे दात उपटून निवृत्त झालेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार? बोल्टाची ही गोष्ट ते स्वतःच येईल त्याला ऐकवतात, आणि अशी मीठमसाला लावून ऐकवतात, की हा माणूस आपल्या एखाद्या वैऱ्याबद्दल बोलतोय असं वाटावं. तेव्हा इथे त्यांची जी काही टिंगल आहे, ती मूळची त्यांचीच आहे. आपण फक्त ती नीट मांडली आहे.

डॉक्टर म्हणून त्यांचा हात चांगला होता. फक्त एक खोड होती. दात मध्येच तुटला, मूळ आत राहिलं, की ते मान हलवून म्हणायचे, "तुमचं हाड फार कडक आहे हो." पेशंटच्या तोंडात कापसाचे बोळे. तो बिचारा स्वतःच्या हाडाची बाजू मांडणार कशी? शेजारी लाळ ओढायची नळी धरून बायको उभी असे. तिने तीस वर्षं हे वाक्य ऐकलं आणि तीस वर्षं ती नळीकडेच बघत राहिली. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आपल्यासाठीच निघाली आहे, हे दातवाल्यांना फार उशिरा कळलं.

आता गाडीबद्दल. गाडी बायकोच्या वडिलांची. गोल डोळ्यांची, जाड पत्र्याची, आताच्या दोन गाड्यांचं लोखंड एकटीच्या अंगावर बाळगणारी. बायको याच गाडीवर चालवायला शिकली, वडिलांना कुठे जायचं असलं की तीच घेऊन जायची, आणि ते गेल्यावर ही गाडी दातवाल्यांच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली आली. दातवाल्यांना स्वतःला गाडी चालवता येते, पण दुसऱ्या गिअरपर्यंतच. तिसरा टाकायला ते धजावत नाहीत. बायको मात्र दर शनिवारी गाडी पुसायची, सुरू करायची, पाच मिनिटं आत बसायची आणि बंद करून घरात यायची. नऊ वर्षं हे चाललं होतं. मग एक दिवस मागचा एक पाटा, म्हणजे चाकावरची पट्ट्यांची स्प्रिंग, मोडला आणि गाडी एका बाजूला बसली, म्हातारा माणूस कंबर धरून बसावा तशी.

बायकोचा धाकटा भाऊ बस डेपोत फोरमन होता. त्याने येऊन गाडीखाली डोकावून बघितलं आणि ताईला स्पष्ट सांगितलं, की नवे पाटे मिळतील, पण ते बसवायचे तर जुने चार बोल्ट निघायला हवेत. निघाले तर चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, शाबूत. नाही निघाले, तर गंज आतपर्यंत पोचला असं समजायचं आणि गाडी मोडीत काढायची. चासी सडलेली गाडी ताईच्या हातात द्यायला तो तयार नव्हता, आणि ते बरोबरच होतं. येत्या रविवारी तो बोल्ट काढायला येणार होता. नाहीच जमलं तर तेव्हाच घेऊन जाता यावी म्हणून क्रेनही सांगून ठेवणार होता. बायको "बरं" म्हणाली. नेहमीपेक्षा हळू म्हणाली.

तिचा तो चेहरा बघून दातवाल्यांनी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हणाले, रविवारपर्यंत थांबायचं कशाला? बोल्ट मी काढून ठेवतो. ज्याने हजारो अक्कलदाढा काढल्या, त्याला चार बोल्टांचं काय?

सोमवारी सकाळी ते जुनी पँट चढवून गाडीखाली शिरले. मागची बाजू जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली होती, चाक काढलं होतं. पहिल्याच बोल्टाने दातखीळ बसल्यासारखं केलं. त्याचं डोकं पाटा आणि चासी यांच्या मधल्या फटीत, आतल्या बाजूला. हात जाई, पाना जाई, नजर जात नसे. पण नजर न पोचणाऱ्या जागी काम करण्यात तर दातवाल्यांची हयात गेलेली. ते उठले, कपाटातून तोंडात घालायचा छोटा गोल आरसा काढला, कपाळाला बॅटरी बांधली आणि पुन्हा आत गेले. आरशात बोल्टाचं डोकं लख्ख दिसलं. आपल्या हुशारीवर ते इतके खूश झाले, की खालूनच बायकोला हाक मारून त्यांनी तो आरसा दाखवला.

त्या दिवशी बोल्ट हलला नाही. त्यांनी गंज सोडवायचं तेल ओतलं, तारेच्या ब्रशने घासलं, पान्यावर हातोडी मारली, दोनदा अंगठ्यावर मारली. मंगळवारी पान्याच्या दांड्याला चार फुटांचा पाइप अडकवला. बायको चाकाच्या बाजूला बसून हवं ते हातात देत होती. मध्येच ती म्हणाली, "अहो, जरा थांबून बघता का?" दातवाले म्हणाले, थांबलं की गंज पुन्हा धरतो. हे शास्त्र त्यांनी त्याच क्षणी शोधून काढलं होतं. तिने तेलाचा डबा पुढे सरकवला.

बुधवारी बोल्ट हलला. केसभर, पण हलला. दातवाल्यांनी त्या आनंदात दोन कप चहा घेतला. गुरुवारी पुन्हा ढिम्म. शुक्रवारी पाइप वाकला. चार बोल्टांपैकी पहिल्यावरच आठवडा संपत आला होता, आणि त्यांना आता गंजाबद्दल वैयक्तिक राग यायला लागला होता.

शनिवारी दुपारी तेलकट बोटांतून आरसा निसटला आणि खाली ठेवलेल्या तेलाच्या डब्यात पडला. तो शोधण्याऐवजी, आळस म्हणून, त्यांनी कान खरवडून घेत डोकंच त्या फटीत घुसवलं आणि पहिल्यांदा बोल्टाकडे सरळ डोळ्यांनी बघितलं. पाना लावून जोर दिला. पाना उजवीकडे चालला होता.

डाव्या बाजूला फिरवलं की बोल्ट सुटतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दातवाल्यांनाही होतं. पण आरशात जे दिसतं ते उलटं, आणि चाळीस वर्षांत त्यांचा हात इतका तयार झाला होता, की आरशातल्या चित्राला जे करायला हवं, तेच तो न विचारता करायचा. आरशातला पाना सहा दिवस डावीकडे फिरत होता. खरा पाना सहा दिवस उजवीकडे. बोल्टाखालचा वॉशर चपटा होऊन लोखंडात रुतला होता. ज्या गंजाला ते सहा दिवस शिव्या देत होते, तो बिचारा तेलाने केव्हाच सैल झाला असेल. बोल्ट त्यांनीच आवळून ठेवला होता, चार फुटांचा पाइप लावून.

ते पंधरा मिनिटं तसेच पडून राहिले. मग त्यांनी डावीकडे जोर लावून बघितला. आता तो कशाला हलतोय! दुसऱ्या बाजूच्या बोल्टाला हात लावायची तर हिंमतच उरली नव्हती. संध्याकाळी हात धुताना बायकोने विचारलं, काय झालं. ते म्हणाले, "गंज फार आहे गं." आणि टॉवेलकडे बघत राहिले.

रविवारी फोरमन आला, मागून क्रेनवाला आला. अंगणात उभं राहून फोरमनने विचारलं, तेव्हा दातवाल्यांनी मान हलवली आणि गंज फार असल्याचं पुन्हा सांगितलं. सहा दिवस तेल, ब्रश, पाइप, सगळं करून एकही बोल्ट सुटला नाही म्हटल्यावर फोरमनला आणखी काय विचारायचं होतं? वाकलेला पाइप समोरच पडला होता. त्यालाही वडिलांची गाडी मोडीत घालायची हौस नव्हती. त्याने एकदा बॉनेटवर हात ठेवला, मग क्रेनवाल्याला साखळी काढायला सांगितली.

बायको पुढे झाली आणि गाडीचं दार उघडून आपलं सामान काढायला लागली. पाठीमागे घ्यायची उशी. काच पुसायचं फडकं, घडी घातलेलं. वडिलांचं चष्म्याचं घर, जे नऊ वर्षं कप्प्यात तसंच होतं. एकेक वस्तू ती नीट पायरीवर ठेवत होती. घाई नाही, रडणं नाही. दातवाल्यांना वाटलं, निदान रडली असती तरी बरं झालं असतं.

 गप्प राहिलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. गंजाचं तोंडही पेशंटच्या तोंडासारखंच बंद होतं. पण त्या चष्म्याच्या घराकडे बघताना त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली, की ते क्रेनवाल्याच्या आडवे जाऊन उभे राहिले.

"थांबा. गंज नाहीये," ते म्हणाले. "माझं चुकलं. मी सहा दिवस बोल्ट आवळत होतो."

क्रेनवाल्याने साखळी खाली ठेवली. फोरमन हसला असता तर सोपं गेलं असतं, पण तो हसला नाही. त्याने चौकशी सुरू केली.

"आवळत होतात म्हणजे?"

दातवाल्यांनी आरशाची सगळी हकिगत सांगितली. काहीही गाळलं नाही. पाइप किती लांब होता तेही सांगितलं, आणि कालच कळलं होतं, तरी लपवलं, हेही सांगितलं. हे शेवटचं सांगताना त्यांचा आवाज इतका खाली गेला, की क्रेनवाला ऐकायला दोन पावलं पुढे आला.

फोरमनने शर्ट काढून दारावर टाकला आणि तो गाडीखाली शिरला. आधी त्याने हातोडीने चासी ठोकून बघितली. खणखणीत आवाज आला. मग तो दुसऱ्या बाजूला गेला, जिथे दातवाल्यांचे हात पोचले नव्हते. थोडं तेल, थोडं पुढे, थोडं मागे, पुन्हा तेल. अर्ध्या तासात तिथले दोन्ही बोल्ट बाहेर आले, वरून लाल, आतून स्वच्छ. या बाजूचा दुसराही निघाला. राहिला तो एक. त्याने मात्र दुपारपर्यंत दमवलं, आणि सुटताना असा किंचाळला की शेजारची मंडळी खिडकीत आली.

"भावोजी," खालून आवाज आला, "गंजाने धरलेला बोल्ट सोडवता येतो. तुम्ही धरलेला सोडवणं म्हणजे कठीण काम."

क्रेनवाला रिकामाच परत गेला. फोरमन हात धुवायला आत गेला. अंगणात दोघंच उरली. बायको पायरीवर त्या उशीशेजारी बसली होती. दातवाले तिच्यापासून जरा लांब बसले, कारण कपडे तेलाचे होते, आणि दुसरंही कारण होतंच.

"पाना उलटा चाललाय, हे मला मंगळवारीच दिसलं होतं," ती म्हणाली. "मी चाकाच्या बाजूला होते ना."

"अगं, मग सांगायचं तरी!"

"थांबून बघा म्हटलं होतं. त्यापुढे काय सांगणार? तीस वर्षं ऐकलंय मी, हाड कडक आहे, हाड कडक आहे."

दातवाल्यांनी पायाच्या अंगठ्यावरचं तेल पुसलं. मग विचारलं, "आणि गाडी गेली असती तर?"

"वाईट वाटलं असतं. खूप." तिने चष्म्याचं घर पदराने पुसलं. "पण तुम्ही आज गप्प बसला असता ना, तर त्याहून जास्त वाटलं असतं. गाडीशिवाय मी राहिले असते हो. राहायचं तर तुमच्याबरोबर होतं."

दातवाले लोकांना गोष्ट सांगतात, ती फोरमनच्या टोमण्यापाशीच थांबवतात. तिथे सगळे हसतात. हे पुढचं ते कुणाला सांगत नाहीत.