खराटा कुणी उचलायचा

यंदा शाखेचा वार्षिक अहवाल लिहायला मी बसायचे आणि लगेच उठायचे. चहा ठेवायचे, गॅलरीत जाऊन यायचे, घडी घातलेले कपडे उगाच मोडून पुन्हा घडी घालायचे. वडील खुर्चीतून हे सगळं बघत असायचे. कऱ्हाडहून इकडे तमिळ मुलखात, आवडी नावाच्या गावातल्या संरक्षण कारखान्यात नोकरीला आलेला माणूस. जन्म तिथेच काढला, आणि आता निवृत्तीनंतर माझ्यावर देखरेख करतो.

"बूड टेकव की जरा एका जागी," ते म्हणायचे. "अहवाल काय स्वतःहून चालत येणार आहे?"

तसं लिहायला कमी नव्हतं. मी पालिकेच्या एका विभाग कार्यालयात करवसुलीच्या टेबलावर कारकून आहे, आणि आमच्या कर्मचारी युनियनच्या शाखेची सहसचिव. वर्षभरात आम्ही एका पंपचालकाची अन्यायाची बदली थांबवली. वारलेल्या एका शिपायाच्या बायकोची रखडलेली पेन्शन सुरू करून घेतली; त्यासाठी किती टेबलांपुढे तोंड वाजवलं ते माझं मला माहीत. झाडूवाल्या बायकांना गमबूट मिळाले, ते सगळे पुरुषांच्या मापाचे निघाले, मग पुन्हा भांडून बायकांच्या मापाचे आणले. हे सगळं मी एका बैठकीत लिहून काढलं असतं. गाडी अडायची ती पेरियक्कापाशी.

पेरियक्का म्हणजे थोरली अक्का. खरं नाव कुणी घेत नाही. आमच्या वॉर्डातली ती सगळ्यात जुनी झाडूवाली, पण कंत्राटावरची. कंत्राटदार येत गेले, जात गेले, ती मात्र त्याच एका रस्त्यावर राहिली. घरात मिळवती ती एकटीच. गेल्या वर्षी उन्हाळ्यात नवा कंत्राटदार आला आणि पन्नाशी उलटलेली बाई नको म्हणाला. तेही तोंडावर नाही. एका सकाळी हजेरीच्या मोबाइलवर तिचं नाव उमटेना, आणि सुपरवायझर म्हणाला, सिस्टिममध्ये नाही तर मी काय करू?

आम्ही निवेदन दिलं, शिष्टमंडळ नेलं, फाटकासमोर सभा घेतली. साहेब म्हणाले, हा कंत्राटदाराचा विषय. कंत्राटदार म्हणाला, साहेबांना विचारा. माझं डोकं फिरायचं. आणि रोज सकाळी पेरियक्का हजेरीच्या शेडपर्यंत यायची, फाटकाबाहेरच्या दगडावर बसायची आणि बाकीच्या कामाला गेल्या की उठून घरी जायची. माझं काय झालं, असं तिने मला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

"रोज कशाला येतेस?" मी एकदा चिडून म्हणाले. ऑफिसला जाताना मी मुद्दाम वाकडी वाट करून तिकडून जायचे.

"घरी बसून काय करू, मा?" ती म्हणाली; इकडे लेकीलाही 'मा'च म्हणतात. "त्या वेळेला डोळा उघडतोच."

अशात आयुधपूजा आली. आमच्याकडच्या खंडेनवमीचीच ही इकडची बहीण. ज्या हत्याराने पोट भरतं ते धुवायचं, त्याला चंदन-कुंकू लावायचं आणि विश्रांतीला ठेवायचं. वडिलांच्या कारखान्यात लेथला हार पडायचा, आई दिवाळीत केरसुणीला हळदकुंकू वाहायची, त्यामुळे यात मला नवं काही नव्हतं. आमच्या शेडमधली एक रीत मात्र मी कधी नीट लक्षात घेतली नव्हती. ज्याने हत्यारं ठेवली त्यानेच दुसऱ्या दिवशी सकाळी कापूर ओवाळून पहिलं हत्यार उचलायचं. तोवर कुणी हात लावायचा नाही.

शेडमधले खराटे दरवर्षी पेरियक्का ठेवायची. त्या वर्षीही तिनेच ठेवले. सुपरवायझरने तिला आत येऊ दिलं, कारण पूजेला आलेल्या माणसाला कोण अडवणार? खराटे भिंतीशी ओळीने आडवे झाले, ढकलगाड्यांना हार पडले, कोहळा फुटला. चुरमुरे आणि फुटाणे वाटले, मीही बकाणे भरले.

दुसऱ्या दिवशी दसरा. ऑफिसला सुट्टी, झाडूवाल्यांना नाही. सकाळीच शाखेच्या सचिवांचा फोन आला. सचिव भला माणूस, पण कायद्याला फार भितो.

"बायका बसून राहिल्यात. तुम्ही काही सांगितलंत का त्यांना? नोटीस न देता संप झाला तर सगळ्यांना घालवतील. आधी जा आणि त्यांना उठवा."

मी स्कूटर काढली. रस्ताभर लोकांनी दृष्ट काढून फोडलेले कोहळे पडलेले, कुंकवाने लाल झालेल्या त्यांच्या फोडी, केळीचे खुंट, चिखल झालेली फुलं. एका वळणावर माझी गाडी सरकली, कशीबशी सावरले.

शेडमध्ये सगळ्या बायका जमिनीवर बसल्या होत्या. भिंतीशी खराटे कालच्यासारखेच आडवे, चंदन वाळलेलं. सुपरवायझर येरझाऱ्या घालत होता. आणि पेरियक्का फाटकाबाहेर आपल्या दगडावर, मांडीवर कापराची ताटली घेऊन. सुपरवायझरने तिला अडवलं होतं. काल पूजा होती, आज ड्यूटी आहे, बाहेरच्या माणसाला आत घेणार नाही, असं तो म्हणाला होता.

"संप आहे का हा?" मी बायकांना विचारलं.

"संप कसला, मॅडम?" त्यातली एक म्हणाली. "आम्ही कामावर आलोय, हजेरी दिलीय. अक्काने ठेवलेत, अक्काने उचलायचे. आम्ही कसा हात लावू?"

आवाजात राग नव्हता, की डावपेच नव्हता. कचऱ्याच्या ट्रकचा ड्रायव्हरही स्टिअरिंग सोडून बाहेर उभा होता. खुद्द सुपरवायझरच्या मोटारसायकलला ताजा हार होता आणि पुढच्या चाकापाशी चिरडलेलं लिंबू. म्हणजे त्याने स्वतःच्या गाडीची पूजा पुरी करूनच ती बाहेर काढली होती. आता तो या बायकांना कुठल्या तोंडाने सांगणार, की उचला तसेच?

सचिवांचा पुन्हा फोन.

"संप नाही," मी म्हणाले. "पूजा अपुरी आहे."

त्यांनी विचारलं, "हे कुठल्या कलमात बसतं?"

"कुठल्याच नाही."

खरं सांगते, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. इतके महिने मी कागद घेऊन पळत होते, आणि या नुसत्या बसून राहिल्या होत्या. मग मीही त्यांच्या शेजारी बसले. एका जागी, चक्क. तिकडे साहेबांच्या फोनवर लोकांच्या तक्रारी सुरू झाल्या आणि सुपरवायझरचा फोन कानावरून उतरेना. शेवटी त्याने फाटक उघडलं.

"पूजा कर आणि जा," तो पेरियक्काला म्हणाला.

मी धावत जाऊन तिचा हात धरला. "उचलू नकोस. कामावर परत घेतो असं त्याच्या तोंडून येऊ दे आधी. पुरता अडकलाय तो. थोडा दम धर."

तिने माझ्याकडे बघितलं. "तिकडे एक बाई कोहळ्यावरून घसरली, मा. हाताला लागलंय तिच्या. माझ्या रस्त्यावर."

तिने कापूर ओवाळला, वाकली आणि पहिला खराटा उचलला. बायका लगेच उठल्या. आणि माझ्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. हातात आलेली दोरी तिने आपण होऊन सोडून दिली होती. ज्या बाईसाठी आम्ही रक्त आटवत होतो तिलाच त्याचं काही नव्हतं, असं मला त्या क्षणी वाटलं.

पण तिने खराटा खाली ठेवला नाही. तो घेऊन ती फाटकातून बाहेर पडली आणि आपल्या रस्त्याला लागली. सुपरवायझरने तोंड उघडलं. मग त्याने मागे बघितलं. सगळ्या बायका हातात खराटे घेऊन उभ्या होत्या आणि कुणी पाऊल उचलत नव्हतं. त्याने तोंड मिटलं. त्याने फोनवरून तिचं नाव पुन्हा चढवून घेतलं आणि थोड्या वेळाने तो मोटारसायकलवरून तिच्या रस्त्यावर गेला आणि हजेरीच्या मोबाइलवर तिचा फोटो काढून आला. सिस्टिमने तिला ओळखलं.

त्यानंतर ती रोज कामावर आहे. लेखी हुकूम मात्र आजतागायत निघालेला नाही. मागच्या वर्षीचा अहवाल दसऱ्याआधीच छापून झाला होता, म्हणून हे यंदाच्या अहवालात यायचं. सचिव म्हणाले, "लिहा, शाखेच्या प्रयत्नांमुळे कामावर परत घेण्यात आलं."

"घेतलंय कुठे?" मी म्हणाले. "अजून हाकललं नाही, एवढंच."

म्हणून माझं बूड टेकत नव्हतं. वर्षभर मी सकाळी तीच वाकडी वाट करत राहिले, ती आत दिसली की ऑफिसला जायचे. त्यात आता दिवाळीनंतर पन्नाशीच्या आणखी काही बायका कमी करणार असं कानावर येऊ लागलं. कुणाकुणाला, ते कुणी सांगेना.

यंदाच्या आयुधपूजेला मी दुपारी शेडमध्ये गेले. पेरियक्काने खराटे धुऊन, चंदन लावून ठेवले होते, पण ओळीने आडवे केले नव्हते. तिने सगळे मिळून एक मोठी मोळी बांधली होती.

"यंदा मी एकटी नाही ठेवणार," ती बायकांना म्हणाली. "सगळ्यांनी हात लावा."

एकेक बाई पुढे आली. तरुण, म्हाताऱ्या, गेल्या महिन्यात लागलेली एक पोरगेली सून, सगळ्या. सगळ्यांचे हात मोळीला लागले आणि मोळी खाली येऊ लागली. सुपरवायझर कोपऱ्यात चुरमुरे खात होता. त्याचा घास तोंडातच थांबला. ज्यांनी ठेवलेत त्या सगळ्या आत असल्याशिवाय आता खराटा उठणार नव्हता, उद्या नाही, आणि दिवाळीनंतर कुणाला काढलं तरी पुढच्या वर्षी ती पूजेला येऊन हात लावणार, म्हणजे तेव्हाही नाही. मोळी टेकायच्या आधी तशीच तोलून धरत पेरियक्का माझ्याकडे वळली.

"तू लांब का उभी?"

"माझं टेबलावरचं काम, अक्का. माझं हत्यार वेगळं."

"आमच्यासाठी पळतेस ना? मग लाव हात."

मी आजवर युनियनच्या कितीतरी कागदांवर सह्या केल्यात. खराट्याला हात पहिल्यांदा लावला. काड्या खरखरीत होत्या, चंदन गार होतं. आम्ही सगळ्यांनी मिळून मोळी खाली टेकवली.

घरी आले तेव्हा वडिलांनी माझी चंदन लागलेली बोटं बघितली. अहवालाचे कागद टेबलावर तसेच पडले होते.

"आज तरी बसणार का लिहायला?"

"बसते," मी म्हणाले. "पण उद्या पहाटे मला जायला हवं. मी गेल्याशिवाय त्यांना उचलता येणार नाही."