वाकड्या जोडांचं झबलं

परतूरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारे आमचे थोरले साडू म्हणजे अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसऱ्याच्या दुकानात शिरून त्याच्याच गिऱ्हाइकांचा तास घेणारा एकमेव माणूस. जुन्या जालन्यातलं कापडाचं दुकान माझं. पण साडू आले की कात्री त्यांची. लुगडं घ्यायला आलेल्या एका बाईंना त्यांनी चिंध्यांचे ढीग मांडून ऐकवलं, "जंतू कोणता येणार, शरीराला ठाऊक न्हाई. मंग नवी पेशी काय करती? जनुकांच्या ह्या ढिगातला एक तुकडा घेती, त्या ढिगातला एक. मधलं कापून फेकती अन् जोडून टाकती. प्रत्येकीचं प्रतिपिंड, म्हंजी जंतूला धरणारं हत्यार, निराळं! आजार यायच्या आधीच लाखो नमुने तयार!" बाई म्हणाल्या, "बराबर हाय, पण लुगडं दाखवता का?" याच विषयासाठी त्यांनी कटपीसचा सदरा शिवला होता; एक बाही चौकड्यांची, दुसरी फुलांची, कॉलर पडद्याच्या कापडाची. तो घालून ते वर्गात तर गेलेच, पण आमच्या मेहुण्याच्या लग्नालाही आले. त्यांच्या बायकोनं दिवसभर त्यांना ओळख दिली नाही.

माझी मुलगी जन्मली ती अशक्त, सारखी तापायची. आधीचं एक मूल आमच्या हाती लागलं नव्हतं, त्यामुळे ताप चढला की घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नसे. डॉक्टरांचं औषध चालूच होतं. सासूबाईंनी ठरवलं, पाच घरचे तुकडे मागून झबलं शिवायचं, म्हणजे लेकरू जगतं. मला वाटलं, विज्ञानाचा माणूस आता कडाडणार. साडूंनी पिशवी उचलली आणि म्हणाले, "मीच जातो मागायला." शिवलंही त्यांनीच. एका जोडात भलताच दोरा घुसला होता. सासूबाई तो उसवायला गेल्या तर ओरडले, "राहू द्या! जोडताना गडबड होती, म्हणून तर नमुने वाढतेत!" मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "झबल्यानं काही होत न्हाई, साडूभाऊ. पण पोरीच्या अंगात ह्या जंतूला बसणारा नमुना कुठंतरी असंलच. तो वाढेस्तोवर आपल्या हाताला काम पाहिजे." काही दिवसांनी ताप उतरला. मी साडूंच्या गळ्यात पडून रडलो.

तीच पोर आता बाळंतपणाला माहेरी आली आहे. "झबलं काकांनीच शिवायचं," तिनं आल्या आल्या बजावलं. साडू परतूरहून पिशवीभर तुकडे मागून घेऊन आले, हौसेनं निवडले, पण सुईत दोरा जाईना. हात थरथरतात आता. आयुष्यात मला कधी सुईला हात लावू न देणाऱ्या या माणसानं ती माझ्यापुढे धरली. मी दोरा ओवला, दोन तुकडे जुळवले.

"फार सरळ नका शिवू," ते म्हणाले.